नळाच्या पाण्याने धडधडलेले हृदय

नेरूळच्या इमारतींच्या गर्दीत सारसोळे गाव नवख्या माणसाला पटकन सापडत नाही. पण पाम बीच रस्ता ओलांडून जेटीकडे गेले की खाडी, खारफुटी आणि ओहोटीला चिखलात टेकलेल्या होड्या दिसतात. पाण्यातल्या क्षारांचे शहाणपण इथल्या आगरी-कोळी घरांना पिढ्यानपिढ्या आहे. खाडीतली मासळी गोड्या पाण्यात टाकली तर तग धरत नाही. मिठागरात मीठ धरून झाले की मागे उरणारे पाणी कडू लागते, म्हणजे समुद्राच्या पाण्यात मिठाशिवाय आणखी काही असते. हे इथे कुणाला शाळेत जाऊन शिकावे लागले नाही.

याच गावापासून काही मिनिटांच्या अंतरावर, नेरूळ आणि बेलापूरच्या मोठ्या रुग्णालयांत हृदयशस्त्रक्रिया होतात. रुग्णाला भूल देण्याच्या सुमारास शस्त्रक्रियागृहाच्या कोपऱ्यात एक तंत्रज्ञ हार्ट-लंग मशीनच्या नळ्या भरत असतो. त्याला परफ्युजनिस्ट म्हणतात. हृदय थांबवून त्यावर काम करायचे, तेवढा वेळ हे यंत्र हृदयाचे आणि फुप्फुसांचे काम करते. शरीरातून आलेले अशुद्ध रक्त घ्यायचे, त्यात प्राणवायू मिसळायचा आणि ते महारोहिणीत परत ढकलायचे. पण या नळ्या रिकाम्या ठेवून चालत नाही. नळीतली हवा मेंदूपर्यंत गेली तर अनर्थ होतो. म्हणून यंत्र रुग्णाला जोडण्याआधी ते द्रवाने पूर्ण भरून घेतात. विहिरीचा पंप सुरू करण्याआधी त्यात पाणी ओततात, तसेच हे. त्याला प्रायमिंग म्हणतात आणि त्या द्रवाला प्राइम.

(इथे एक गोंधळ दूर केलेला बरा. बायपास म्हटले की आपल्याला हृदयाच्या रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया आठवते. यंत्राचा बायपास वेगळा. आता कितीतरी बायपास शस्त्रक्रिया यंत्र न लावता, धडधडत्या हृदयावरच होतात. झडप बदलताना किंवा बाळाच्या हृदयातले छिद्र बुजवताना मात्र यंत्राला सहसा पर्याय नसतो.)

प्रौढ माणसासाठी हा द्रव साधारण १ ते दीड लिटर लागतो. ६० किलोच्या माणसाच्या अंगात रक्त असते सव्वाचार लिटरच्या आसपास. यंत्र सुरू झाले की काही मिनिटांत हे दोन्ही एकजीव होतात. हिमोग्लोबिन १३ असलेल्या रुग्णाचे ते एका झटक्यात १० वर येते, एक थेंबही रक्त न सांडता. आणि हा द्रव मग मेंदू, मूत्रपिंड, आतडी, यकृत, सगळीकडे फिरतो. त्यात काय आहे, काय नाही, याला म्हणूनच महत्त्व. बहुतेक ठिकाणी प्राइमचा मुख्य भाग असतो रिंगर लॅक्टेट किंवा त्याच्या जातकुळीतला द्रव. वॉर्डातल्या बोलीत आरएल. जुलाबाने गळून गेलेल्या माणसाला, बाळंतिणीला, अपघातातल्या जखमीला हीच बाटली लावतात, आणि घरचे लोक तिला सरसकट सलाईन म्हणतात. त्यातला आर म्हणजे रिंगर. हे एका माणसाचे नाव आहे, आणि त्या माणसाने उभ्या आयुष्यात हार्ट-लंग मशीन पाहिले नव्हते. तसे यंत्र माणसावर यशस्वी झाले ते त्याच्या मृत्यूनंतर ४३ वर्षांनी.

सिडनी रिंगर यांचा जन्म १८३५ च्या सुमारास इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नॉर्विच शहरात झाला. घराणे व्यापाऱ्याचे, पण फार सुखवस्तू नव्हे. वडील लवकर गेले आणि तीन मुलगे आईच्या पदरी राहिले. तिघांपैकी दोघांनी पूर्वेची वाट धरली, व्यापारासाठी. त्यांतला फ्रेडरिक जपानच्या नागासाकी बंदरात स्थिरावला आणि तिथला बडा व्यापारी झाला. जपानमध्ये आजही रिंगर हट नावाची नूडल्सच्या खानावळींची मोठी साखळी आहे, ते नाव या फ्रेडरिकवरून आलेले. एका भावाचे नाव नूडल्सच्या वाडग्यावर आणि दुसऱ्याचे सलाईनच्या बाटलीवर. दोघांनाही याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

रिंगर घराणे अधिकृत अँग्लिकन चर्चच्या बाहेरचे होते. अशा घरांतल्या मुलांना ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारे त्या काळी जवळजवळ बंदच असत. लंडनचे युनिव्हर्सिटी कॉलेज मात्र धर्मपंथ विचारत नसे. सिडनी १८५४ मध्ये तिथे दाखल झाले, १८६० मध्ये पदवी घेतली, १८६३ मध्ये एम.डी. झाले आणि नंतर निवृत्तीपर्यंत त्याच संस्थेच्या रुग्णालयात राहिले. जवळजवळ अर्धे शतक एकाच आवारात. १८६६ मध्ये ते तिथले पूर्ण दर्जाचे फिजिशियन झाले. त्याआधी आणि त्या सुमारास काही वर्षे ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या मुलांच्या रुग्णालयातही त्यांनी काम केले.

डॉक्टर म्हणून ते नावाजलेले होते, आणि ते रुग्णाच्या खाटेशेजारच्या कामासाठी. थर्मामीटर ही वस्तू वॉर्डात नवी होती तेव्हा क्षयाच्या रुग्णांचे तापमान नियमाने नोंदवून निदान करता येते, यावर त्यांनी १८६५ मध्ये पुस्तक लिहिले. १८६९ मध्ये औषधोपचारांवरचे त्यांचे पाठ्यपुस्तक निघाले. त्याच्या १३ आवृत्त्या झाल्या. त्या काळात कोणत्या रोगावर काय द्यावे याबाबत परंपरा आणि ऐकीव गोष्टींचाच भरणा असे. रिंगर यांचा कल वेगळा. औषध शरीरात जाऊन नेमके काय करते हे पाहावे, आणि ते पाहता येईल अशा साध्या जागी पाहावे. या स्वभावाने पुढे त्यांना बेडकाच्या हृदयापाशी नेले.

१८६७ मध्ये यॉर्कशरच्या अ‍ॅन डार्ली यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दोन मुली झाल्या. त्यांतली अ‍ॅनी बालवयातच गेली. लहान मुलांच्या रुग्णालयात काम केलेल्या, तापाच्या आलेखांवर पुस्तक लिहिलेल्या माणसाच्या घरात हे घडले. यॉर्कशरच्या माळरानालगत लॅस्टिंगहॅम नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या अकराव्या शतकातल्या सेंट मेरी चर्चचा जीर्णोद्धार रिंगर यांनी अ‍ॅनीच्या स्मरणार्थ स्वखर्चाने करून घेतला. १८७९ मध्ये ते काम झाले. वास्तुरचनाकार होते त्या काळचे नामवंत जॉन पिअर्सन. रिंगर सभासंमेलनांत रमणारे नव्हते, आणि या दुःखाबद्दलही ते जाहीरपणे काही सांगत बसले नाहीत.

लंडनमध्ये त्यांचा दिनक्रम घड्याळाला बांधलेला असे. कॅव्हेंडिश प्लेसमधले घर आणि तिथली खासगी प्रॅक्टिस, रुग्णालयातली फेरी, विद्यार्थ्यांना शिकवणे, आणि या सगळ्यांच्या मधल्या फटीत प्रयोगशाळा. ती कॉलेजच्या शरीरक्रियाशास्त्र विभागात होती. हातात वेळ थोडा, मदतीला माणसे मोजकी. मिळालेल्या तासाभरात ते येत, कामाला लागत, आणि घड्याळ पाहून निघून जात.

प्रयोग दिसायला सोपा होता. बेडकाच्या हृदयाचा खालचा कप्पा, म्हणजे जवनिका, शरीराबाहेर काढून एका नळीला बांधायचा आणि त्यातून द्रव खेळवायचा. जवनिका आकुंचन पावली की एक तरफ हलते आणि काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर रेघ उमटते. रक्त खेळवले तर हृदय तासन् तास चालते हे माहीत होते. पण रक्तात शेकडो गोष्टी असतात. त्यांतली हृदयाला नेमकी कोणती लागते? एकेक घटक घालून आणि काढून पाहायचे, असे रिंगर यांनी ठरवले.

पाण्यातून मीठ शिरेत सोडण्याची कल्पना त्या वेळी ५० वर्षे जुनी होती. १८३१-३२ च्या कॉलऱ्याच्या साथीत विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने रुग्णांचे रक्त तपासून त्यात पाणी आणि क्षार कमी पडतात हे दाखवले, आणि स्कॉटलंडच्या थॉमस लाटा यांनी मरणपंथाला लागलेल्या रुग्णांच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडून पाहिले. काही जण उठून बसले. (हेच ओशॉनेसी पुढे कोलकात्याला आले आणि त्यांनी भारतात तारायंत्राचे जाळे उभारले.) पण त्या पाण्यात काय असावे याचा हिशेब कुणाकडेच नव्हता. मीठ आणि पाणी म्हणजे निरुपद्रवी, रक्ताची जागा भरून काढणारा एक द्रव, इतकीच समजूत होती.

१८८२ मध्ये रिंगर यांचा पहिला निबंध छापून आला. मिठाच्या पाण्यात किंचित पोटॅशियम असले की बेडकाची जवनिका उत्तम चालते, इतर क्षारांची फारशी गरज दिसत नाही, असा त्याचा मथितार्थ. निकाल स्वच्छ होता. तो चुकीचाही होता.

पुढे एके दिवशी तोच द्रव वापरून तोच प्रयोग केला तर हृदय चालेना. आकुंचन क्षीण होत गेले आणि सुमारे २० मिनिटांत थांबले. काय बदलले? याची जी हकीकत नंतर सांगितली गेली, ती प्रयोगशाळेतल्या फिल्डर नावाच्या सहायकाची आहे. म्हातारपणी त्याने ती हेन्री डेल या पुढे नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञाला ऐकवली. डॉक्टरसाहेब द्रव डिस्टिल्ड वॉटरमध्ये बनवायला सांगत. पाणी उकळून, वाफ धरून, थंड करून जमवणे हे कंटाळवाणे काम. साहेब घाईत येतात, घाईत जातात, त्यांना काय कळणार, अशा विचाराने फिल्डर सरळ नळाखाली भांडे धरी. पुढे केव्हा तरी खरोखरच डिस्टिल्ड वॉटर वापरले गेले, आणि हृदय थांबले.

ज्याने कधी प्रयोगशाळेत किंवा स्वयंपाकघरात काम केले आहे त्याला फिल्डर ओळखीचा वाटेल. हकीकतीत थोडे तिखटमीठ मिसळलेले असेलही. पण नळाच्या पाण्याची गोष्ट खरी होती हे नक्की, कारण रिंगर यांनी ती स्वतः छापली. १८८३ च्या निबंधाच्या सुरुवातीलाच त्यांनी कबूल केले की आधीच्या प्रयोगांतला द्रव न्यू रिव्हर वॉटर कंपनीच्या नळाच्या पाण्यात बनवला गेला होता, आणि म्हणून आधीचे निष्कर्ष बदलावे लागतात. त्या पाण्याचे पृथक्करणही त्यांनी दिले.

न्यू रिव्हर नावाला नदी, प्रत्यक्षात १६१३ मध्ये पुरा झालेला कालवा. लंडनच्या उत्तरेकडे हर्टफर्डशरमधल्या झऱ्यांचे पाणी तो शहरात आणतो. ते झरे खडूच्या खडकातून येतात आणि खडू म्हणजे कॅल्शियम. त्या पाण्यात दर दहा लाख भागांत सुमारे ३८ भाग कॅल्शियम होते. आज सारसोळ्याच्या नळाला मोरबे धरणाचे पाणी येते. प्रयोगशाळा त्या नळाखाली असती तर या गोष्टीतले आकडे वेगळे निघाले असते.

मग रिंगर यांनी एकेक धागा सोडवला. डिस्टिल्ड वॉटरमधल्या शुद्ध मिठाच्या द्रवात हृदय थांबते. त्यात अगदी थोडा कॅल्शियमचा क्षार टाकला की आकुंचन परत येते. पण एकट्या कॅल्शियमवर सोडले तर हृदय सैल पडायचे विसरते, आवळलेलेच राहू लागते. तिथे पोटॅशियम लागते. पोटॅशियमचे प्रमाण वाढवले तर उलट होते, हृदय सैल पडून गप्प होते. दोघे एकमेकांना धरून ठेवतात, आणि दोघांचे प्रमाण मिठाच्या तुलनेत अगदी नगण्य. जोडीला द्रव आंबट होऊ नये म्हणून थोडा सोडा बायकार्ब. या मिश्रणात बेडकाचे हृदय तासन् तास चालू लागले. सर्वांनी त्याला रिंगरचे द्रावण म्हणायला सुरुवात केली.

गोष्ट हृदयापुरती आहे का, हेही त्यांनी तपासले. मासे घेतले. नळाच्या पाण्यात काहीही न खाता जे दीर्घकाळ जगत, ते डिस्टिल्ड वॉटरमध्ये काही तासांत मेले. इतके स्वच्छ पाणी, आणि तेच जीवघेणे! सारसोळ्याच्या जेटीवर ही गोष्ट सांगितली तर फारसे कुणाला नवल वाटणार नाही. लंडनमध्ये वाटले.

१८८३ हे वर्ष मात्र रिंगर यांच्यासाठी सरळ गेले नाही. त्याच वर्षी त्यांनी आणि विल्यम मरेल या सहकाऱ्याने सोडियम नायट्राइट हे औषध रुग्णालयात आलेल्या काही रुग्णांना देऊन पाहिले. औषध छातीच्या कळांवर उपयोगी पडेल अशी आशा होती. मात्रा जास्त झाली. जवळजवळ सगळ्यांना त्रास झाला, काहींना भोवळ आली. दोघांनी ते निरीक्षण जसेच्या तसे वैद्यकीय साप्ताहिकात छापले. वृत्तपत्रांनी ते उचलले. रुग्णालयात आलेला गरीब माणूस म्हणजे प्रयोगाचा बेडूक काय, असा गदारोळ उठला. प्राण्यांवरच्या प्रयोगांना विरोध करणाऱ्यांना तर आयते हत्यार मिळाले. टीका अनाठायी नव्हती. रुग्णाची संमती नावाची गोष्ट तेव्हा कायद्यात नव्हती, पण लोकांच्या मनात होती, हे त्या रागावरून दिसते. चूक लपवायची नाही या एकाच सवयीने एका वर्षात रिंगर यांना एकीकडे मोठा शोध दिला आणि दुसरीकडे बदनामी.

१८८५ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. दोन वर्षांनी क्लिनिकल मेडिसिनचे प्राध्यापक झाले. कॅल्शियमवरचे निबंध नव्वदच्या दशकातही येत राहिले, स्नायू, रक्त साकळणे, बेडकाची पिल्ले अशा विषयांवर. पण समकालीनांच्या लेखी ते प्रामुख्याने उत्तम डॉक्टर आणि पाठ्यपुस्तकाचे लेखक होते. पेशी आकुंचन पावते ती कॅल्शियमच्या इशाऱ्यावर, ही गोष्ट तपशिलाने उलगडायला १९६० चे दशक उजाडावे लागले, आणि त्यात मोठा वाटा होता सेत्सुरो एबाशी या जपानी शास्त्रज्ञाचा.

१८९९ मध्ये पत्नी वारली. १९०० मध्ये रिंगर निवृत्त झाले आणि लॅस्टिंगहॅमला राहायला गेले. मुलीच्या नावाने उभ्या केलेल्या चर्चजवळच. १४ ऑक्टोबर १९१० रोजी पक्षाघाताने त्यांचे निधन झाले आणि त्याच गावात दफन झाले.

द्रावणाचा प्रवास पुढे सुरू राहिला. १९३० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतल्या सेंट लुईसचे बालरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्सिस हार्टमन जुलाबाने सुकून गेलेल्या बाळांवर उपचार करत होते. त्यांचे रक्त आंबट झालेले असे. हार्टमन यांनी रिंगरच्या द्रावणात सोडियम लॅक्टेट मिसळले. यकृत लॅक्टेटचे रूपांतर बायकार्बोनेटमध्ये करते आणि आंबटपणा उतरतो. हेच आजचे रिंगर लॅक्टेट.

६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी १८ वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातले छिद्र यंत्राच्या आधारे बुजवले. ती २६ मिनिटे पूर्णपणे यंत्रावर होती. त्या काळी यंत्र भरत ते दुसऱ्यांच्या रक्ताने. एका शस्त्रक्रियेसाठी दात्यांची रांग लागे. तर्क सरळ होता, रक्ताची जागा रक्तानेच भरावी. पण अनेक माणसांचे रक्त एका देहात फिरवल्यावर फुप्फुसे खराब होत, रक्तस्राव आवरेना. १९६० च्या आसपास काही शल्यचिकित्सकांनी उलटा मार्ग धरला. अमेरिकेत ओक्लाहोमाचे नाझिह झुहदी यांनी यंत्र ग्लुकोजच्या पाण्याने भरले आणि रुग्णाचे रक्त मुद्दाम पातळ होऊ दिले. रुग्ण बरे झाले, काही बाबतींत अधिक चांगले. थंड केलेल्या शरीरात रक्त घट्ट होते, पातळ रक्त बारीक वाहिन्यांतून सहज सरकते. रक्तपेढीवरचा भारही हलका झाला. मग ग्लुकोजच्या पाण्याची जागा हळूहळू रिंगरच्या कुळातल्या द्रवांनी घेतली. फेब्रुवारी १९६८ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी देशातले पहिले हृदय प्रत्यारोपण केले, तोवर जगभर रक्त पातळ करण्याची पद्धत बरीच रुळली होती. केईएमचा तो रुग्ण काही तासच जगला.

रक्त पातळ होण्याची किंमत मात्र अवयव मोजतात. रक्तातली प्रथिने पाण्याला वाहिन्यांत धरून ठेवतात. ती विरळ झाली की पाणी पाझरते, आणि फुप्फुसांना, आतड्यांना, चेहऱ्याला सूज येते. हृदयशस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात पहिल्यांदा भेटायला गेलेले नातेवाईक रुग्णाचा सुजलेला चेहरा पाहून घाबरतात, त्यामागे बऱ्याचदा हे असते. ती सूज साधारणपणे दोन-चार दिवसांत उतरते. हिमोग्लोबिन फारच खाली गेले तर मूत्रपिंडाच्या आतल्या भागाला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. तो भाग एरवीही काठावरच जगत असतो. म्हणून अ‍ॅनिमिया असलेल्या, लहान चणीच्या रुग्णात परफ्युजनिस्ट नळ्या आखूड करतो, किंवा प्राइमचा काही भाग रुग्णाच्याच रक्ताने मागे ढकलून काढून घेतो.

साधे सलाईन वापरले तर? त्यात लिटरमागे १५४ एकक क्लोराइड असते, रक्तात सुमारे १००. हे जास्तीचे क्लोराइड रक्त आंबट करते आणि मूत्रपिंडाच्या वाहिन्या आक्रसतात. रिंगर लॅक्टेटमध्ये ते १०९ असते. पण त्यातले सोडियमही रक्तापेक्षा थोडे कमी, १३०. तेवढ्याने पाणी मेंदूच्या पेशींकडे ओढले जाऊ शकते. म्हणजे हाही द्रव निर्दोष नाही. सूज टाळायला स्टार्चचे द्रव आले. ते मूत्रपिंडाला मारक ठरू शकतात हे दिसल्यावर २०१३ पासून अमेरिकेत आणि युरोपात त्यांच्यावर निर्बंध येत गेले. मग अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलेच प्रथिन, महाग पण नैसर्गिक. २०२२ मध्ये हेलसिंकीतल्या सुमारे १४०० हृदयरुग्णांच्या अभ्यासाचा निकाल आला. त्यात अल्ब्युमिनची तुलना रिंगर अ‍ॅसिटेट या जवळच्या भावंडाशी केली होती. अल्ब्युमिनने मोठी गुंतागुंत कमी झाली नाही, रक्तस्राव मात्र जास्त झाला.

हृदय थांबवण्यासाठीही रिंगर यांच्याच नोंदी कामी आल्या. पोटॅशियम वाढवले की हृदय सैल पडून गप्प होते, हे त्यांनी बेडकात पाहिले होते. शस्त्रक्रियेत आज हृदयाच्या वाहिन्यांत पोटॅशियमयुक्त थंड द्रव सोडतात आणि धडधड थांबते. काम झाले की तो धुऊन निघतो आणि हृदय पुन्हा चालू लागते.

सगळ्यात नाजूक हिशेब असतो नवजात बाळाचा. ३ किलोच्या बाळाच्या अंगात सारे मिळून पाव लिटरच्या आसपास रक्त. यंत्र कितीही लहान केले तरी प्राइम जवळजवळ तेवढाच होऊ शकतो. नुसता रिंगर लॅक्टेट भरला तर बाळाचे रक्त निम्म्यावर येईल. म्हणून इथे रक्तपेढीतले रक्त मिसळावेच लागते, आणि त्या रक्तात ते साकळू नये म्हणून सायट्रेट घातलेले असते. सायट्रेट कॅल्शियमला बांधून ठेवते. साठवणीच्या रक्तात पेशींमधून पोटॅशियमही झिरपून बाहेर आलेले असते. असा प्राइम तसाच बाळाला जोडला तर इवलेसे हृदय क्षीण होत जाईल, डिस्टिल्ड वॉटरमधल्या त्या जवनिकेसारखे. म्हणून बाळाकडे जाणाऱ्या नळीचा चिमटा काढण्याआधी परफ्युजनिस्ट प्राइमचा थोडा नमुना तपासायला देतो, कॅल्शियम आणि पोटॅशियमचे आकडे येईपर्यंत थांबतो, आणि कमी पडत असेल तेवढे कॅल्शियम सिरिंजने त्यात घालतो.